चिवट घोडा

बाबांनी रंगवलेल्या बोटभर उंचीच्या सैनिकांचा काचेच्या कपाटात राजेशाही थाट होता. ऊन नाही, धूळ नाही, आणि खबरदार कोणी हात लावाल तर! फक्त एका घोड्याच्या पाठीवर लेकीने लहानपणी ओल्या रंगात उमटवलेला अंगठा तसाच राहिला होता. यंदा बाबांच्या वाढदिवसाला तो घोडा गुपचूप नव्याने रंगवून द्यायचा, असं तिने ठरवलं. पण घासून घासून बोटं दुखायला लागली, तरी जुना रंग काही निघेना. मान वर करून बघते तर दारात बाबा!

"बाबा, हा घोडा भलताच चिवट आहे!"

बाबांनी तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला.

"असणारच. बाकीच्यांना वार्निशचा एकच हात दिलाय. तुझ्या अंगठ्यावर मात्र दर वर्षी एक देत आलोय."