मागून आणलेली खेळणी

रेश्मानं पोतं उलटं केलं आणि फरशी दिसेनाशी झाली. तीन चाकांचा ट्रक, शेपूट तुटलेला वाघ, एका हाताची बाहुली, आणखी कायकाय. दोन वर्षांचा अमृत त्या ढिगात बसकण मारून बसला. ऋतुजानं कपाळावर हात मारून घेतला.

"वन्सं, हे ठेवू कुठं? परवाच मोडनिंबच्या मामी पिशवीभर देऊन गेल्या."

"मला नका बोलू वैनी. आईचा हुकूम हाय," रेश्मा म्हणाली. बिचारी मैंदर्गीहून एसटीत पोतं मांडीवर घेऊन आली होती. स्वतःच्या पोरांची जुनी खेळणी संपली, म्हणून आजूबाजूच्या चार घरी मागून आणलेलं.

जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. एकदा तर कुकरमध्ये प्लॅस्टिकचा बेडूक निघाला. ऋतुजाचा नवरा सतीश पहाटे चिंचोळीला कामावर निघताना रोज काहीतरी तुडवायचा आणि आईवर चिडता येत नाही म्हणून बायकोवर चिडायचा. लोकांकडे पाहुणे नवी खेळणी आणून पसारा करतात. यांच्याकडे सगळ्या भावकीचं भंगार येऊन पडत होतं. नवं एकही आणायचं नाही, हा ऋतुजाच्या सासूचा, गोजरबाईंचा, कायदा होता.

कारण पहिल्या मुलीला सगळं नवं आणलं होतं. शुभदाला. नवा पाळणा, नवी झबली, नवी खेळणी. ती आठ महिन्यांची झाली आणि दोन दिवसांच्या तापात गेली. गोजरबाईंनी तिच्या साऱ्या वस्तू गाठोड्यात बांधून बोहारणीला देऊन टाकल्या, बदल्यात साधा चमचाही घेतला नाही. त्यानंतर चार वर्षांत घरात तिचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

मग अमृत झाला. गोजरबाईंनी त्याला शेजारणीच्या ओटीत टाकला आणि सूपभर कोंडा देऊन परत विकत घेतला. म्हणून त्यांच्या तोंडी तो कोंडीबा. ज्या घरी पोरं धडधाकट वाढली त्या घरचंच जुनं त्यानं वापरायचं. म्हणजे मरणाला वाटतं, हे कुणाचं तरी टाकलेलं पोर, आणि मरण पुढच्या दारी जातं. ऋतुजा बीएस्सी झालेली. तिला यातलं काही पटत नव्हतं. पण पोराच्या बाबतीत नाही म्हणायची छातीही होत नव्हती, आणि स्वतःच्या या भीतीचाच तिला जास्त राग यायचा.

आज मात्र तिनं रिकामं खोकं पुढं ओढलं.

"आई, दहा खेळणी ठेवते. बाकी अंगणवाडीत देणार. आणि रविवारी अमृतला एक नवीन आणणार आहे."

गोजरबाई उंबऱ्याशी ताटात तांदूळ निवडत होत्या. "एक पोर गेलं, तरी अक्कल आली न्हाय व्हय तुला?"

बोलून गेल्या आणि स्वतःच चरकल्या. ऋतुजा एकेक खेळणं खोक्यात टाकत राहिली. ट्रक. वाघ. मग तिनं अमृतच्या मांडीवरचा रबरी हत्ती उचलला.

हत्तीचा एक पाय चपटा होता.

तिनंच तो तसा केला होता. निर्जंतुक करायला म्हणून तिनं हत्ती पातेल्यात उकळायला ठेवला आणि पाय तळाला चिकटला. नवंकोरं खेळणं वाया गेलं म्हणून ती हळहळली होती. शुभदाला मात्र तो तसाच आवडला, कारण उभा केला की दर वेळी पडायचा. ऋतुजानं हत्ती घट्ट धरला. मागच्या खोलीत कुणीतरी रांगतंय असं तिला स्पष्ट वाटलं.

गोजरबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं. "टाक ते! आधी टाक! रेश्मे, कुटनं आणलंस गं हे?"

"मागच्या गल्लीतनं," रेश्मा पांढरी पडली. "त्यांनी बोहारणीकडनं घेतलं म्हणं. मला काय म्हाईत..."

"आग लावा त्याला," गोजरबाई ओरडल्या. "न्यायला आलीया ती. कोंडीबाला न्यायला आलीया."

ऋतुजाचीही नजर दाराकडं गेली. हत्ती खिडकीतून भिरकावून द्यावा आणि पोराला छातीशी धरून पळत सुटावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात अमृतनं तिच्या हातातून तो ओढून घेतला आणि फरशीवर उभा केला. हत्ती पडला. अमृत खदखदून हसला. त्यानं पुन्हा उभा केला.

ते हसू तिच्या ओळखीचं होतं. भीती गेली नव्हती. ती तशीच त्याच्याजवळ खाली बसली. मग चार वर्षांत न घेतलेलं नाव तिनं घेतलं.

"हे मागून आणलेलं नाही, राजा," ती म्हणाली. "हे आपल्याच घरचं आहे. तुझ्या शुभदाताईचं."