तळ्यातला मांडव

पुराचं पाणी साठवायला खोदलेलं तळं एरवी कोरडंच असतं, म्हणून घानातल्या कुमासी शहरातले लोक शनिवारी दिवसकार्याला तिथंच मांडव घालतात. आज बोआडू नानांच्या लेकीला जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण होतं. दुखवट्याच्या काळ्या-तांबड्या कपड्यांतली माणसं नुकती ताटावर बसली होती, तेवढ्यात तळ्याचे दरवाजे सांभाळणारी इंजिनियर सेरवा धापा टाकत आली.

“नाना, वर डोंगरात पाऊस कोसळतोय. सगळ्यांना बाहेर काढा, पाणी तळ्यात सोडायचंय.”

“इथं तर लख्ख ऊन पडलंय,” नानांचा भाचा खेकसला. “भरल्या ताटावरून उठवतेस माणसं? जाऊ दे की नाल्यानं.”

“नाल्यात मावणार नाही. खालच्या वस्तीत शिरेल.”

नानांनी लेकीचा फोटो उतरवून छातीशी धरला.

“उठा रे सगळे. सोड पोरी पाणी. गेल्या वर्षी शिरलं, तेव्हा ती खालच्याच वस्तीत झोपली होती.”