आठ सिलिंडर

"उतरा," पद्माकर म्हणाला, आणि हेमलता दोन्ही मुलांना घेऊन निमूटपणे खाली उतरली.

मल्लेश्वरमच्या त्या चढावर रोज संध्याकाळी हेच व्हायचं. खालच्या वळणापर्यंत गाडी कुटुंबवत्सल असायची. पुढे तिला एकटा पद्माकरच झेपायचा. पहिल्या गिअरमध्ये कण्हत ती वर पोचेपर्यंत बायकोमुलं घरी पोचून हातपाय धुवत असायची. टायरांना चढावरचं शेण लागायचं ते वेगळंच. या गाडीसाठी त्यानं चार वर्षं नंबर लावून वाट पाहिली होती.

त्यात शेजारी भीमसेन अण्णा. शहाजीराजांबरोबर बंगळुरात आलेलं घराणं, आणि दारात महायुद्धाच्या आधीची अमेरिकन गाडी, आठ सिलिंडरांची. सकाळी पद्माकर चोक ओढून इंजिनाच्या विनवण्या करत असायचा, तेव्हा अण्णांची गाडी फाटकातून निघून उतारावरून देवळाकडे जायची. धूर नाही, आवाज नाही. नुसती टायरांची सळसळ. पद्माकर आणि हेमलता कामावरून परत येईपर्यंत ती पुन्हा वर, फाटकात, पुसून उभी.

एका रविवारी तो आकडेमोडीचा स्लाइड रूल घेऊनच अण्णांच्या कट्ट्यावर बसला. सरकारी कारखान्याच्या डिझाइन विभागात तो नोकरीला होता, आणि तिथे स्लाइड रूलशिवाय कोणी चहाही मागवत नसे. अण्णांच्या परसातली पिठाची गिरणी धडधडत होती, त्यामुळे त्याला आवाज चढवावा लागला.

"माझं इंजिन हजार सीसीचं, अण्णा. तुमचं साडेतीन हजारांचं. सिलिंडर मोठा म्हणजे घास मोठा. घास मोठा म्हणजे पिस्टनवर रेटा जास्त, आणि दांड्याला पीळ जास्त. त्या पिळाला टॉर्क म्हणतात."

"आणि हॉर्सपॉवर?"

"पीळ गुणिले फेरे. माझंही इंजिन गरगरा फिरलं की तीस हॉर्सपॉवर देतं. पण चढावर फेरे कमी पडतात. मग उरतो पीळ, आणि नेमका तोच माझ्याकडे नाही."

"चढाला ताकद पाहिजेच," अण्णा म्हणाले. फाटकाशी त्यांचा गडी यल्लाप्पा बैलगाडीतून नाचणीची पोती उतरवत होता. त्याला त्यांनी हातानंच गिरणीकडे जायची खूण केली.

"तुमच्या गाडीला चढावर त्रास होतो?"

"मी आत बसून पेपर वाचतो. मला तरी काही त्रास नाही."

"आणि पेट्रोल?"

"गाडीनं पेट्रोल खाल्लं अशी माझी तक्रार नाही."

"इंजिन कसं आहे?"

"उत्तम. रोज चार तास चालतं, बिघडणं माहीत नाही. चला, दाखवतो." अण्णा उठून मागच्या दाराशी चपला शोधू लागले.

"बसा हो. उघडून बघणारे ते मेकॅनिक. आम्ही आकड्यांवरून इंजिन ओळखतो."

अण्णा बसले.

पद्माकरनं मग मनातलं बोलून टाकलं. त्याची नवी गाडी अण्णांनी घ्यावी, अण्णांची जुनी त्याला द्यावी. देणंघेणं बरोबरीचं.

"नंतर मला बोल लावाल, स्वामी."

"बायकोमुलांना रोज रस्त्यात उतरवतो मी. सगळं गणित केलंय."

"गणित केलंय ना? मग सरी, ठरलं."

"एकदा चालवून तरी बघा," घरी हेमलता म्हणाली. पण सह्या झाल्या त्या दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. अण्णांकडे यंत्रांची विश्रांती तेव्हाच सुरू झाली होती. गिरणीसुद्धा बंद होती. जुन्या धन्याच्या हातची शेवटची पूजा झाली की गाडी न्यावी, असं ठरलं.

पूजेला पद्माकर सहकुटुंब गेला. अण्णांच्या आई अनुसूयाक्कांनी गाडीच्या दिव्यांना कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, स्टिअरिंगला झेंडूची माळ घातली. बऱ्याच दिवसांनी पद्माकर ताठ उभा होता.

"अक्का, आता इंजिनाला लावा," तो म्हणाला आणि बॉनेटशी जाऊन थांबला.

"तिकडंच निघाले की," अक्का म्हणाल्या. तबक घेऊन त्या त्याच्या बाजूनं गेल्या, घराला वळसा घालून परसात शिरल्या आणि गिरणीचं दार उघडून आत गेल्या. मागोमाग सगळे गेले. पद्माकरही गेला.

आत सिमेंटच्या चौथऱ्यावर इंजिन बसवलेलं होतं. त्याच्यापासून जात्यापर्यंत रुंद पट्टा गेला होता. अक्का एकेका प्लगपाशी कुंकवाचं बोट लावत होत्या. पद्माकरनं मोजलं. चार या बाजूला, चार त्या बाजूला.

दारात यल्लाप्पा उभा होता. त्याच्यामागे शिंगं रंगवलेली बैलजोडी.

"स्वामी," त्यानं अदबीनं विचारलं, "तुम्ही कामावरून किती वाजता परत येता? तेवढ्याला जोडी चढाखाली आणून ठेवतो."