एकतीस माणसं

"त्या माणसाला फोल्डर उघडून देऊ नकोस," मृणालिनीची मैत्रीण अश्लेषा म्हणाली होती. "फार गोड बोलतो. तुझ्या तीन वर्षांच्या संशोधनावर स्वतःचं नाव घालेल आणि तू बसशील लंगोट बदलत."

मृणालिनीने ते हसण्यावारी नेलं. तिची लेक ईशानी तेव्हा तीन आठवड्यांची होती आणि नंदकुमार सर फोनवर इतक्या अदबीने बोलले होते. ती बाळंतपणाच्या रजेवर गेल्यावर विद्यापीठाने तिच्या जागी घेतलेले, मूळचे नागपूरचे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, आयर्लंडमधल्या ॲथलोन गावात एकटेच राहणारे.

"कुठल्या ग्रंथालयात काय आहे तेवढी यादी दे गं. वाचायचं ते मी माझं वाचेन."

मग गप्पाच रंगल्या. मॉर्मन पंथाच्या ग्रंथाची १८३० सालची पहिली आवृत्ती हा दोघांचाही जिव्हाळ्याचा विषय. छपाई चालू असतानाच चुका सापडत गेल्या, खिळे बदलत गेले, आणि आधीचे कागद फेकून न देता सगळे एकत्रच बांधले गेले; त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत.

"म्हणजे भक्तांत भांडणं लावायची सोय छापखान्यानेच करून ठेवली," सर म्हणाले. ती खळखळून हसली. यादी कशाला, तिने सगळा फोल्डरच पाठवला.

रजा संपली तेव्हा तिची जागा उरली नव्हती. सर मात्र होते. आणि ईशानी चालायला लागली त्या सुमारास त्यांचा लेख आला.

विषय तिचाच. १८४०च्या दशकात अमेरिकेहून मॉर्मन प्रचारक आयर्लंडला आले, त्यांच्याविरुद्ध एका गावच्या पाद्र्याने चार पानांचं पत्रक छापलं. आपल्या गावातली किती माणसं त्या लोकांकडून बाप्तिस्मा घेऊन बसली, याचा आकडा त्याने संतापून दिला होता. डब्लिनच्या एका ग्रंथालयात, आठव्या महिन्यात, सुजलेले पाय खुर्चीखाली लपवून मृणालिनीने तो पेन्सिलीने टिपला होता: ३१. पुढे घरून तिने अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेलं तेच पत्रक उघडलं. त्यात १३. तिने कपाळाला हात लावला. आकडे उलटे लिहिले आपण! स्वतःच्या मसुद्यात तिने दुरुस्ती केली. सरांकडे गेलेला फोल्डर मात्र तसाच राहिला, ३१ सकट.

सरांच्या लेखात होतं, एकतीस.

"चोराने चूकसुद्धा चोरली," ती नवऱ्याला म्हणाली. पोर कडेवर, डोळे लॅपटॉपवर.

"एकदा फोन करून विचार तरी त्यांना," हरीश म्हणाला.

"विचारणारच आहे. सगळ्यांसमोर."

डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या हॉटेलात परिषद होती. हरीश ईशानीला घेऊन खाली लॉबीत बसला. सरांचं भाषण संपलं तशी मृणालिनी उठली. विभागप्रमुख फिनोलाची परवानगी घेऊन तिने पडद्यावर तीन गोष्टी लावल्या: सरांचं वाक्य, ऑनलाइन पत्रकाचं पान, आणि तारखेसकट स्वतःची जुनी टिपणं.

"छापलेला आकडा तेरा आहे. एकतीस जगात एकाच ठिकाणी होता. माझ्या फोल्डरमध्ये."

सर गोंधळून मराठीतच बोलले. "मृणालिनी, अगं, मी तो कागद स्वतः पाहिलाय."

तिने उत्तर मुद्दाम इंग्रजीत दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून. "असं? मग तुम्हीही त्या दिवशी आठ महिन्यांचे गरोदर होतात का?"

सभागृह हसलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो हातात धरूनच ते खाली बसले.

लेख मागे घेतला गेला. त्यांचं कंत्राट वाढवलं नाही, आणि त्यावर व्हिसा अवलंबून. सरांचे दोन मेसेज आले. दोन्हींत एकच वाक्य: एकदा मूळ कागद बघ. तिने नंबर ब्लॉक केला.

अश्लेषा बातम्या आणायची. "मराठी मंडळाच्या ग्रुपमधूनही बाहेर पडले. संक्रांतीला फिरकले नाहीत. त्यांच्या समोर राहणारा वेदांत सांगत होता, खिडकीचा पडदासुद्धा हलत नाही."

"कुठल्या तोंडाने फिरकतील?" मृणालिनी ईशानीसाठी केळं कुस्करत म्हणाली. तिला कितीतरी महिन्यांनी निवांत वाटत होतं. त्या आठवड्यात तिने दोनदा पुरणपोळी केली.

फेब्रुवारीत फिनोलाचा फोन आला. जागा पुन्हा तिची. मृणालिनी लगेच हो म्हणाली. "ग्रँड, मग सोमवारपासून ये."

सोमवारी ईशानीला पाळणाघरात सोडून ती थेट डब्लिनच्या ग्रंथालयात गेली. तो लेख आता तिच्या नावाने नव्याने लिहायचा होता आणि सोबत मूळ पत्रकाचा फोटो हवा होता. ग्रंथपालाने खोका आणून दिला. तिने तिसरं पान उलगडलं. मग ते दिव्याखाली सरकवलं. मग भिंग मागून घेतलं.

पाच मिनिटांनी ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर उभी होती. कोट आतच राहिला होता. तिने नंबर अनब्लॉक केला, चार वेळा लावला. चारही वेळा फोन बंद. वेदांत कामावर होता, उचलत नव्हता. शेवटी तिने आयर्लंडभरातल्या मराठी माणसांच्या ग्रुपवर लिहायला घेतलं.

"ॲथलोनमध्ये आत्ता कोणी असाल तर हातातलं काम टाकून नंदकुमार सरांकडे जा. पत्ता खाली देते. त्यांनी माझं काहीही चोरलं नव्हतं. डब्लिनच्या मूळ कागदावर एकतीसच आहे, मी आज पाहिलं; छापता छापता आकडा बदललाय, ऑनलाइन आहे ती प्रत वेगळी. त्यांचा फोन बंद आहे. बेल वाजवा, दार वाजवा, नाही उघडलं तर पोलिसांना बोलवा, पण त्यांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय परत फिरू नका."