डोळ्यातली साखर

यशोधराने बाळाच्या तोंडासमोर बॅटरी धरली आणि हळूहळू बाजूला नेली. डोळे मागे आले नाहीत. उजेड सरळ आत गेला तेव्हा काळ्या बाहुलीत पांढुरकं चमकलं.

तिने बॅटरी विझवली.

"काय गं?" आक्काबाईने विचारलं. लेक पुण्यात डोळ्यांचं शिकते, हे तिने पिंपरी पेंढारच्या साऱ्या वस्तीला सांगितलं होतं. पाच महिन्यांचा नातू अजून कुणाकडे बघून हसत नाही, म्हणून तिनेच लेकीला बोलावून घेतलं होतं.

"दिसत न्हाई त्याला, आई. पुण्याला डॉक्टरला दाखवू. पण लई उशीर झालाय."

बाळाची आई, प्रतीक्षा, भिंतीला टेकून बसली होती. बाळाचा बाप, कपिल, उठून उभा राहिला.

"तू त्या डोळ्यातल्या साखरेचं सांगायचीस ना? त्यानं काय तरी व्हईल की."

यशोधरा अंड्यात वाढणाऱ्या कोंबडीच्या पिल्लांचे डोळे तपासायची. डोळ्याच्या पडद्यातल्या कोवळ्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. कुठं जायचं, कुठं थांबायचं, ते पेशींना त्यांच्यामुळं उमगतं. तिचं सगळं शिक्षण त्या साखळ्यांवर चाललं होतं.

"न्हाई दादा. सातव्या महिन्यात जन्मला. पडद्यातल्या रक्ताच्या नळ्या पुऱ्या झाल्या नव्हत्या. मग त्या भलतीकडं वाढल्या, पडदा ओढून सुटला. पहिल्या महिन्यात तपासलं असतं, तर लेझरनं वाचवता आला असता."

"दवाखान्यात कुणी बोललं न्हाई."

"बोलायला पायजे व्हतं."

"आन् तू? पोरगं काचेच्या पेटीत व्हतं, तवा तू बी आलतीस की."

"मी कोंबडीचा डोळा शिकते, दादा. त्याच्या पडद्यात रक्ताच्या नळ्या नसत्यातच."

खरं होतं ते. पण बोलल्यावर तिला भावाकडे बघवेना.

कपिल पायात चप्पल न घालताच बाहेर गेला. आक्काबाई पदर तोंडाला लावून चुलीपाशी जाऊन बसली. घरात कुणी बोलेना. बाळाने मान इकडेतिकडे फिरवली आणि ओठ काढला.

यशोधरा त्याच्या अगदी जवळ बसली होती.

"बोला की, ताई," प्रतीक्षा म्हणाली. "तुमी गप बसला, की त्याच्यासाठी तुमी इथं नसताच."