चौथ्या मजल्यापर्यंत

नळी जोडापाशी फुगली होती. फार नाही, शर्टाच्या बटणाएवढी. बारकीने फुगवट्यावर अंगठा ठेवला. आत पंपाचा ठोका लागत होता, एकसारखा, न चुकता.

"वाढव!" इमारतीच्या कोपऱ्यावरून दादा ओरडला.

"वाढवलाय, दादा!"

"कुठे वाढवलायस? चौथ्या मजल्याला पाणी पोचत नाही. तुझा पंप तुझ्यासारखाच गं, अर्ध्या वाटेत दमतो!"

तिने व्हॅनमधल्या पंपाचं बटण आणखी एक घर पुढे फिरवलं. चाळिशी उलटली तरी भावासाठी ती बारकीच होती. टाकीतलं गाळलेलं पाणी पंपाने नळीत ढकलायचं, लांब काठीच्या आतून ते टोकाच्या ब्रशला पोचवायचं, आणि जमिनीवर उभं राहून वरच्या काचा घासायच्या, असं दोघांचं काम. पंप तिचा, काठी दादाची.

पाणी दहा मीटर वर चढवायला एक बार दाब खर्च होतो. चौथा मजला त्याहून फार उंच नव्हता, आणि पंपाच्या दाबाचा काटा सात बारच्या जवळ होता. हा हिशोब तिला कधीचा ठाऊक होता. तरी पंप बदलून झाला होता, बॅटरी बदलून झाली होती, ब्रशची भोकं सुईने साफ करून झाली होती. आणि दर वेळी "पंपात काहीतरी बिघाड आहे" असं लोकांना तिनेच सांगितलं होतं.

व्हॅनमध्ये काठीचा शेवटचा तुकडा पडून होता. तो जोडला की ब्रश चौथ्या मजल्याच्या काचेला टेकायचा. त्याच्या तोंडाशी आता कोळ्याने जाळं केलं होतं. दादा तो जोडतच नव्हता. तेवढी काठी त्याच्या उजव्या खांद्याला पेलत नव्हती, म्हणून तो खालूनच वर पाणी उडवायचा. धूळ भिजायची, ओघळायची आणि तशीच वाळायची. एकदा भल्या पहाटे बारकीने स्वतः ती अख्खी काठी उचलून पाहिली होती. काठी जेमतेम छातीपर्यंत आली, मग तिला घेऊनच आडवी झाली.

"दादा, काचा धुताय की मला आंघोळ घालताय?" दारापाशी खुर्चीत बसलेल्या वॉचमनने तोंडावरचं पाणी पुसलं.

"तुम्हालाच जास्त गरज आहे!" दादा हसला. काठी जमिनीला टेकवून त्याने उजवा हात खिशात लपवला.

तेवढ्यात इमारतीचं सगळं बघणाऱ्या बाई बाहेर आल्या. "वरचे लोक रोज माझ्या डोक्यावर बसतात," त्या म्हणाल्या. "काचांवर नुसते ओघळ. आज नाही निघाले तर मला दुसरी माणसं बघावी लागतील. राग मानू नका."

दोघांकडे आता ही एकच इमारत उरली होती.

"तुमच्यासमोर करून दाखवतो ना," दादा म्हणाला. "बारके, तो तुकडा आण."

"दादा, नको."

"आण म्हणतो ना."

तिने पंप थांबवला. तुकडा नेऊन दिला. दादाने फुंकर मारून जाळं उडवलं. बारकीने नळी सोडून तुकड्यातून ओवली, पुन्हा जोडली आणि व्हॅनपाशी परत आली. बटण तिने अगदी खाली आणून ठेवलं, पहिल्या घरावर. मगच पंप चालू केला.

दादाने काठी उभी केली. ब्रश चौथ्या मजल्याला टेकला. एवढ्याशा दाबानेही पाणी निमूटपणे वर चढलं, आणि मळक्या काचेत स्वच्छ आभाळाचा एक रुंद पट्टा उघडत गेला. बघायला वॉचमनही खुर्चीतून उठून पुढे आला. "वा!" बाई म्हणाल्या.

दादाचं कोपर आधी थरथरलं. मग एकदम निकामी झालं.

काठी कलली, कलतच राहिली, आणि ब्रश वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीवर आदळला. खुर्चीचे दोन तुकडे झाले. पायऱ्यांवर पाणी वाहत राहिलं. वॉचमन खुर्चीकडे बघत उभा होता, आणि त्याचा हात उगाचच स्वतःच्या डोक्यावर गेला.

"पंपाने झटका दिला," दादा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दाब एकदम वाढला ना, म्हणून काठी उडाली. नवा पंप आणतो आम्ही, उद्याच्या उद्या. बारके, सांग ना बाईंना."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पंपाचं तिलाच कळतं, हे त्या दारात सगळ्यांना माहीत होतं.

दादाचा उजवा हात दोरीसारखा लोंबत होता. तो लपवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"सांग ना गं," तो हळूच म्हणाला.

बारकीने नळीच्या फुगवट्यावर अंगठा ठेवला आणि बटण बंद केलं. अंगठ्याखालचा ठोका थांबला, नळी मऊ पडली.

"पंप ठणठणीत आहे, बाई," ती म्हणाली. "तुम्ही दुसरी माणसं बघा."