डॉक्टरांची बुटकी गाडी

गुडघ्यांच्या डॉक्टरांच्या घरात कित्येक महिने एकच विषय चालू होता. स्पोर्ट्स कार घ्यायची, पण लाल मॉडेल की काळं? लीजवर की विकत?

"अहो, साठी उलटली तुमची. निदान लीजवर तरी घ्या. नाही झेपली तर परत देता येईल," बायको म्हणाली.

"अगं, हौस काय कुणी भाड्याने करतं?" असं म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांत बुटकं, जमिनीला टेकलेलं लाल मॉडेल विकतच घेतलं.

पहिल्याच दिवशी गाडी गुरगुरत दवाखान्याच्या दारात आली. ज्यांना डॉक्टर रोज "खाली बसायचं नाही, उंच खुर्चीच वापरायची" म्हणून दटावत, ते सगळे पेशंट काठ्या टेकत खिडकीशी जमले. डॉक्टरांनी आतूनच हात हलवला, हसले आणि न उतरताच दवाखान्याला एक फेरी मारून आले. मग आणखी एक.

"हौसेला मोल नसतं हो!" एक आजी कौतुकाने म्हणाल्या.

तिसऱ्या फेरीला आतल्या नर्सचा फोन वाजला.


"सिस्टर, व्हीलचेअर मागच्या दाराशी आणा. आणि कुणासाठी, ते पेशंटना सांगू नका."